साडेबाराचं बोलावणं

मी एक मीटिंग बोलतेय. नाव ऐकूनच तुमचा चेहरा पडला असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. माझ्या जातीने माणसांना फार छळलंय. पण मी त्यातली नाही. माझ्यात कोणी स्लाइड दाखवत नाही, कोणी 'माझा आवाज येतोय का' असं विचारत नाही, आणि शेवटी कोणाच्या गळ्यात काम पडत नाही. मी जेवणाची मीटिंग आहे. सोमवार ते शुक्रवार, दुपारी साडेबारा. विषय 'डबा'. ठिकाण दुसऱ्या मजल्यावरच्या किचनमधलं खिडकीकडचं टेबल. बोलावणारा श्रीराम, येणारी रत्ना. बस, एवढीच माणसं.

माझा जन्म अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावचा. गाड्यांच्या सीट्स बनवणाऱ्या एका कंपनीचं तिथे ऑफिस आहे. श्रीराम त्या सीट्स तपासायचा. माणूस हजारदा बसला-उठला तर स्प्रिंग किती दबते, असलं त्याचं काम. त्याची बायको रत्ना त्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर परचेसमध्ये. दोघं एका गाडीने यायची, एका गाडीने जायची, आणि दिवसभर एकमेकांना दिसायची नाहीत.

रत्नाने कामात डोकं घातलं की तिला कशाची शुद्ध राहत नाही. सप्लायरची मेल आली की उत्तर दिल्याशिवाय उठायचं नाही, आणि उत्तर दिलं की दुसरी मेल हजर. डबा पिशवीत तसाच. एकदा दुपारी तिला खुर्चीतच चक्कर आली, शेजारच्या मुलीने ज्यूस आणून पाजला. श्रीरामने घरी जाऊन भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला तयार केलं. दर आठवड्याला, पाचही दिवस. शेवटची तारीख कोणती, असं सॉफ्टवेअरने विचारलं, तेव्हा त्याने 'शेवट नाही' या खुणेवर बोट टेकवलं.

रत्ना हसली. शेजारणीला म्हणाली, "हे बघ, नवरा आता मीटिंग लावून जेवायला घालणार." पण तिने मला होकार दिला आणि त्या दिवसापासून मी तिच्या कॅलेंडरमध्ये राहायला आले.

माझं काम एवढंच, सव्वाबाराला टुण्णकन वाजायचं. माणसं माझ्यासारखीला कसं वागवतात ते मला ठाऊक आहे. 'स्नूझ' नावाचं एक बटण आहे, ते दाबलं की आम्ही पाच मिनिटं गप्प. रत्ना ते दोनदा दाबायची, तिसऱ्यांदा उठायची. वर श्रीराम डबे गरम करून बसलेला असायचा. मायक्रोवेव्हसमोर रांग असते म्हणून तो आधी जायचा. मेथीची भाजी गरम केली की किचनभर वास सुटतो, म्हणून मेथी फक्त शुक्रवारी, निम्मं ऑफिस घरून काम करतं तेव्हा. हे दोघांचं ठरलेलं होतं.

रत्ना संकष्टी करते. त्या दिवशी ती माझ्यावरच्या 'नकार' या बटणावर जायची, फक्त त्या दिवसापुरतं, आणि खाली एक ओळ लिहायची, "आज चतुर्थी. तू खाऊन घे." श्रीरामला तारखा कधी लक्षात राहिल्या नाहीत. ती ओळ आली की त्याला कळायचं. मग तो एकटाच जेवायचा आणि येताना तिच्या टेबलावर एक केळं ठेवून जायचा. मला नकार मिळाल्याचं कधी वाईट वाटलं नाही. असल्या नकारात माया होती.

जानेवारीत श्रीरामचं बायपासचं ऑपरेशन ठरलं. जायच्या आदल्या दिवशी त्याने कामं सोपवली आणि मेलवर आपोआप जाणारं उत्तर लावून ठेवलं. "मी सध्या ऑफिसात नाही. थोड्या दिवसांत परत येतोय." बायपास म्हणजे आता काही मोठं राहिलेलं नाही, असं सगळेच म्हणत होते. तो परत आला नाही. ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी गेला.

रत्ना कामावर आली तेव्हा बाहेर बर्फ साचलेलं होतं आणि ती पहिल्यांदाच एकटी गाडी चालवत आली होती. मी सव्वाबाराला वाजले. वाजले नसते तर फार बरं झालं असतं, पण ते माझ्या हातात नाही. तिने माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी संकष्टी होती. तिचा हात नेहमीसारखा नकाराच्या बटणावर गेला, नेहमीसारखी ओळ लिहिली गेली, "आज चतुर्थी. तू खाऊन घे." आणि पाठवल्यावर क्षणभरात श्रीरामचं उत्तर आलं. मी सध्या ऑफिसात नाही. थोड्या दिवसांत परत येतोय.

त्याचं खातं अजून कोणी बंद केलं नव्हतं, एवढंच. मी खूप काही बघितलंय, पण त्या बाईचा तो चेहरा मला सहन झाला नाही. ती उठून बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ आली नाही.

पुढे त्याचं खातं बंद झालं. आता माझी गंमत ऐका. मीटिंग रद्द करायचा हक्क बोलावणाऱ्याचा. तोच नाही, तर मला रद्द करणार कोण? मी तशीच राहिले. रोज सव्वाबाराला वाजायची, वर नाव श्रीरामचं. आणि रत्ना उठायची. खिडकीकडच्या टेबलावर एकटी बसून डबा खायची. पूर्ण नाही, पण खायची. माझा जन्म ज्यासाठी झाला ते काम मी करत होते, याचं मला समाधान होतं.

त्यांचा मुलगा आर्य. इथेच जन्मलेला, दोन तासांवरच्या ग्रँड रॅपिड्सच्या एका शाळेत बँड शिकवतो. ट्रंपेट, ड्रम, सगळं. बाप गेल्यावर काही आठवडे तो आईपाशी येऊन राहिला होता. रत्ना एक दिवस घरून काम करत होती, डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडा होता, आणि मी वाजले. आर्यने बापाचं नाव स्क्रीनवर बघितलं.

"आई, व्हॉट इज धिस? हे अजून का आहे?"

"असू दे."

"धिस इज नॉट हेल्दी, आई. डिलीट कर ना प्लीज."

"तू नको सांगूस. मला जेवायला बोलावणारं आता हे एवढंच उरलंय."

आर्य मराठी बोलताना अडखळतो, पण त्याला कळतं सगळं. तो तिच्याजवळच तर बसला होता. रत्नाच्या ते लक्षात आलं नाही, दुःखात असलेल्या माणसाच्या येत नाही. त्या संध्याकाळीच तो बॅग भरून निघाला. मग फोन रविवारपुरते राहिले. बर्फ आहे का, हीटर चालतोय ना, ओके, बाय.

आणि या उन्हाळ्यात कंपनी विकली गेली. नव्या मालकांची मेल वेगळी, कॅलेंडर वेगळं. सप्टेंबरात सगळ्यांची खाती नव्या सिस्टीमकडे न्यायचं काम विनयकडे आलं. विनय नागपूरचा, व्हिसावर आलेला, ऑफिसच्या मेलचं सगळं तोच बघतो. पासवर्ड विसरला, मेल अडकली, सही उमटत नाही, दोनशे जणांना चुकून 'रिप्लाय ऑल' झालं, की विनय. भला पोरगा आहे. तो मुद्दाम रत्नाच्या टेबलापाशी आला.

"काकू, एक सांगायचं होतं. नव्या सिस्टीममध्ये ज्या मीटिंगचा ऑर्गनायझरच नाही, त्या जाणार नाहीत. स्किप होतात. तुमची ती एक आहे ना, काकांची..."

"हं."

"मी तुमच्या नावाने सेम टू सेम बनवून देतो ना. दोन मिनिटांचं काम आहे."

"मग बोलावणारं कोण?"

"तुम्हीच."

"मीच मला जेवायला बोलावू?" ती हसली. "राहू दे रे. जाऊ दे."

माझ्या मरणाची बातमी मी अशी ऐकली. मला स्वतःचं फार वाटलं नाही. एका बिनबोलावणाऱ्या मीटिंगने किती जगायचं? मला काळजी होती ती सव्वाबाराची.

त्या दिवशी तिने भर दुपारी आर्यला फोन लावला. असं ती कधी करत नाही. "तुझ्या मनासारखं झालं," ती म्हणाली. "बाबांची मीटिंग जाणार आता." पलीकडे मागे कोणीतरी बेसूर ट्रंपेट फुंकत होतं. मग तो म्हणाला, "ओके आई. आय विल सेंड यू समथिंग. ऑफिसच्या ईमेलवर. बघ हं."

आणि त्याने पाठवलं. खरंच पाठवलं हो. मी बघितलंय. माझ्याच जातीचं एक नवं कोरं आमंत्रण. सोमवार ते शुक्रवार, साडेबारा. शाळेतही त्याच वेळी जेवायची सुट्टी असते. खाली एक व्हिडिओची लिंक, म्हणजे तो तिकडे डबा उघडणार आणि ही इकडे. विषयात त्याने देवनागरीत लिहिलं होतं, 'आई, चल जेवायला'. या मुलाला देवनागरी लिहिता येत नाही. फोनवर एकेक अक्षर शोधून लिहिलं असणार. इंग्रजीत लिहिलं असतं तर कदाचित ते सुखरूप पोचलंही असतं.

कारण आमच्याकडे बाहेरून येणाऱ्या मेलची दारातच झडती होते. बाहेरचा पत्ता, अनोळखी लिपी, आत लिंक. पहारेकऱ्याला वाटलं, हे लबाडाचं काम. त्याने ते उचलून जंक फोल्डरमध्ये टाकलं, लॉटरी आणि टक्कल घालवायच्या औषधांच्या पंगतीला. तिथे गेलेली मीटिंग वाजत नाही. मी शेजारच्या घरात, म्हणजे कॅलेंडरमध्ये, सगळं दिसतंय, आणि मला तोंड फक्त सव्वाबारापुरतं.

रत्नाने वाट पाहिली. दिवसातून कितीदा तरी इनबॉक्स वरून खाली बघायची. दोन दिवसांनी विनयला म्हणाली, "माझी मेल नीट चालते ना रे? येतात ना सगळ्या?"

"बघतो ना काकू." त्याने स्वतःच्या जागेवरून तिला एक मेल पाठवली. ती लगेच आली. येणारच. घरातल्या घरात कोणाची झडती होते? "एकदम ओके आहे काकू. कोणाची यायची होती का?"

"नाही रे. सहजच."

या 'सहजच'चा मला इतका राग आला. बाई, सांग ना त्याला, माझ्या मुलाची यायची होती म्हणून. त्याने एका मिनिटात शोधून काढली असती. पण रत्ना मागणारी नाही. मुलगा पाठवतो म्हणाला आणि विसरला, असं तिने धरून घेतलं. आणि तिकडे आर्यला त्याच्या कॅलेंडरवर काय दिसत होतं? 'उत्तर नाही'.

रविवारी फोन झाला असणार, कारण सोमवारी ती शेजारणीला सांगत होती. "मला म्हणतो, तुला काही सांगायचंय का? मी म्हटलं, नाही, तुला? तर म्हणे, नाही." एवढं बोलून ती कामाला लागली.

मग त्याच्याकडून आणखी एक आलं. तेही जंकमध्येच. त्यात इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं. "आई, नो प्रेशर. मी रोज लिंक उघडून बसतो. तू ये, नाहीतर नको येऊ. मी आहे." म्हणजे तो रोज तिकडे बँडच्या खोलीत सँडविच घेऊन बसत होता, आणि ही इकडे माझ्या हाकेने उठून खिडकीशी बसत होती. दोघंही एकटी, एकाच वेळी, जेवत. मी किती वाजले त्या दिवसांत. त्याच एका आवाजात, कारण मला दुसरा आवाज नाही.

काल विनयची सगळ्यांना मेल आली. शुक्रवारी संध्याकाळी जुनी सिस्टीम बंद होणार. त्याआधी कृपया आपलं जंक आणि डिलीटेड फोल्डर रिकामं करा, म्हणजे सामान हलकं होईल.

ऑफिसात अशा मेल कोणी मनावर घेत नाही. निम्मे वाचत नाहीत, उरलेले उद्या करू म्हणतात. पण रत्ना विनयचं प्रत्येक सांगणं पाळते. पोरगा एकटा किती जणांच्या मागे धावणार, असं तिचं म्हणणं. तिने चहाचा कप ठेवला, चष्मा वर केला, जंकवर गेली. मला वाटलं, आता उघडेल. लॉटरीच्या खाली तिला तिची लिपी दिसेल. एक नजर, एवढीच पुरे होती.

तिने उघडलं नाही. जंकमध्ये काय असतं ते सगळ्यांना माहीत असतं, ते कोण उघडून बघतं? तिने बाहेरूनच 'फोल्डर रिकामं करा' दाबलं. नक्की ना, असं सॉफ्टवेअरने विचारलं. तिने हो म्हटलं. मग डिलीटेड फोल्डरही रिकामं केलं आणि सप्लायरच्या मेलला उत्तर लिहायला घेतलं. माझा जीव तुटला. दुसरा शब्द मला सुचत नाही.

आज शुक्रवार. दुपारी मी शेवटचं वाजले. तिने एकदाही स्नूझ केलं नाही, लगेच उठली. जाताना स्क्रीनवरच्या श्रीरामच्या नावाकडे थोडा वेळ बघत राहिली. संध्याकाळी विनय कळ दाबेल आणि मी संपेन. श्रीरामने मला शेवट दिला नव्हता, तो आता कंपनी देतेय. त्याची तक्रार नाही.

माझं सांगणं फक्त आर्यला आहे. मला त्याच्यापर्यंत जाता येत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय. तुमच्यातलं कोणी ग्रँड रॅपिड्सकडे असेल, आणि दुपारी एखाद्या शाळेत बँडच्या खोलीत कोणी लॅपटॉपसमोर सँडविच घेऊन बसलेला दिसला, तर त्याला सांगा. आर्य, तिने नाही म्हटलेलं नाही रे बाळा. तिला मिळालंच नाही. ती लिंक बंद कर आणि फोन लाव. सोमवारी दुपारी साडेबाराला लाव. मी नसेन, तेव्हा ती जागेवरच असेल, आणि जेवलेली नसेल.