शिवेवरचा चौथा दगड

तोरणमाळच्या पलीकडच्या उतारावर आमझिरी नावाचं लहानसं गाव आहे. तिथे दर वर्षी वाघदेवाच्या पूजेला बाज्या पुजारा गावाला घेऊन शिवेवर फिरे. प्रत्येक दगडाला शेंदूर लावी, मोहाच्या दारूची धार सोडी आणि त्या जागी पूर्वजांचं काय घडलं ते दगडाशी वाकून हळूच सांगे. ते ऐकायचा मान फक्त पुजाऱ्याच्या मुलाला. बाकीचे लांब उभे राहत.

बाज्याचा मुलगा उदेसिंग शहाद्याच्या शाळेत इतिहास शिकवायचा. पूजेच्या सुमाराला त्याला कधी परीक्षेचं काम निघे, कधी सासरचं लग्न. आलाच तर तीन दगड होईपर्यंत परतीची जीप सुटायची वेळ होई. बाज्या एवढंच म्हणे, "बरं, पुढच्या साली ये."

त्या पावसाळ्यात बाज्याला लकवा मारला आणि त्याची वाचा गेली.

पूजेला उदेसिंग रजा काढून आला. सगळं गाव धास्तावलेलं होतं. म्हातारा धुडकू म्हणाला, "यंदा मोठ्यानं सांग बाबा. चार जणांच्या कानावर राहू दे."

बापाला धरून उदेसिंग निघाला. तीन दगडांची हकिकत त्याने नीट सांगितली. चौथ्यापाशी मात्र त्याचे पाय अडले. बाज्या काठीने दरीकडे दाखवत होता, घशातून आवाज काढत होता, डोळ्यांतून पाणी गाळत होता. उदेसिंगला काही म्हणता काही उमगेना. मागे माणसं हात जोडून उभी होती.

"इथे..." तो म्हणाला, "इथे आपले मूळपुरुष तहानेने कोसळले. वाघाने त्यांना झऱ्याची वाट दाखवली."

माणसं हरखली. कुणीतरी ढोलावर थाप मारली. बाज्याने काठी खाली केली आणि मुलाच्या हातातून आपला दंड सोडवून घेतला. पुढच्या दगडांपाशी त्याने मान वर केली नाही. उदेसिंग रचत गेला.

होळीच्या आधी बाज्या गेला.

पुढच्या पूजेला चौथ्या दगडापाशी उदेसिंगने तोंड उघडायच्या आत धुडकूच सांगायला लागला. तहानलेला पुरुष, वाघ, झरा. त्याच्या गोष्टीत आता वाघीण होती आणि तिचं पिल्लूही.

"हा बघ तिचा पंजा," म्हणत त्याने खडकातला एक खळगा दाखवला. "तुझ्या बापानं सांभाळून ठेवलेली गोष्ट. तू होतास म्हणून वाचली."

बाया वाकून खळग्याला हात लावू लागल्या. उदेसिंगच्या ओठांवर शब्द आले होते. पण 'हे खोटं' म्हटल्यावर लोक खरं काय ते विचारणार, आणि ते सांगायला आता कुणीच उरलं नव्हतं. तो वाकला आणि त्याने खळग्याला शेंदूर लावला.