तोंडावर हात ठेवलेला माणूस

"बुआंगा, बापाशी भांडलीस की काय गं?" आंब्याखालून पुनाकाकांनी हाक मारली.

माशाचं कालवण आणि कसाव्याचे उकडलेले कंद ठेवून मी शाळेकडे निघाले होते. दुपारचा वर्ग घ्यायला उशीर झाला होता. ताता, म्हणजे माझे वडील, आणि त्यांचे दोन मित्र, पुनाकाका आणि चिकायाकाका, रोज दुपारी आंब्याखाली एकत्र जेवत. आज तिघांपैकी कुणीच भांड्याला हात लावला नव्हता.

ॲल्युमिनियमच्या झाकणाची मूठ सकाळी निखळली, म्हणून फडताळातलं हाताला लागलं ते लाकडी झाकण मी ठेवलं होतं. लग्नात आईने दिलेल्या पाचांपैकी एक. कबिंदाच्या किनाऱ्यावर आमच्या आज्यांनी नवऱ्याविषयीची तक्रार कधी तोंडाने सांगितली नाही. चार माणसांदेखत त्याच्या जेवणावर कोरीव झाकण ठेवायचं. त्यावर जुन्या लोकांचं एखादं वचन चित्रात असायचं. बरोबरच्यांनी अर्थ लावायचा, नवऱ्याने उत्तर द्यायचं, मगच पहिला घास. माझी पाचही झाकणं सासरी गेली आणि न वापरता माझ्याबरोबर परत आली. त्याला अकरा वर्षं झाली.

या झाकणावर एक माणूस बसला होता, तोंडावर हात ठेवून. मागे बंद दार.

"हा शहाणा माणूस," चिकायाकाका म्हणाले. "सगळं समजतं, पण बोलत नाही. लेक कौतुक करतेय तुझं, लांदो."

"कौतुकाला कोण झाकण ठेवतं?" पुनाकाका म्हणाले. "तुझ्या बायकोने ठेवली होती ती कौतुकाची होती काय?"

"सातही दारूबद्दल होती."

"मग? हा गप्प बसलाय म्हणून दार बंद आहे. आत कुणीतरी खोळंबलंय."

तीस वर्षं ताता बंदरावर बोटींच्या फटी बुजवत होते. त्यांचं बोट झाकणावरच्या दाराच्या कडेने फिरत राहिलं, फट शोधत असल्यासारखं.

"मूठ तुटली म्हणून ठेवलंय हो," मी म्हणाले. "जेवा आता. निवतंय."

ताता माझ्यामागून फाटकापर्यंत आले. असं ते कधी येत नसत.

"पोरी, तू परत आलीस तेव्हा मी काही विचारलं नाही. त्याबद्दल आहे का?"

मी आले त्या दिवशी त्यांनी माझी पेटी आत नेली, खोलीच्या दाराला आतून नवी कडी बसवली आणि कामावर गेले. त्यानंतर अकरा वर्षं मी या एका प्रश्नाची वाट पाहिली होती. शाळेची घंटा वाजत होती.

"काहीतरीच, ताता. नुसतं झाकण आहे ते."

त्यांनी मान हलवली आणि परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंदरावर एका बोटीला पाठ टेकून ते बसले, ते उठलेच नाहीत. मांडीवर फटीत भरायच्या काथ्याची गुंडाळी तशीच होती.

आठ दिवसांनी, आलेली माणसं पांगल्यावर, स्वयंपाकघरात मला ॲल्युमिनियमचं झाकण दिसलं. मूठ तारेने घट्ट आवळलेली, वर बोटीचं डांबर. मी ते पुनाकाकांना दाखवलं.

"त्याच दुपारी बसवली त्याने," ते म्हणाले. "नीट जेवलाही नाही. म्हणाला, 'मूठ दुरुस्त करून ठेवतो. आता उद्या जर पुन्हा लाकडी झाकण आलं, तर मी बरोबर ओळखलं म्हणायचं.'"

त्या दुपारी मी कालवण केलं, कसावा उकडला. दोघं म्हातारे आंब्याखाली बसले होते, मध्ये तातांचं स्टूल. मी भांडं स्टुलासमोर ठेवलं. वर लाकडी झाकण.

चिकायाकाकांनी ते पाहिलं आणि पुनाकाकांकडे बघितलं. या वेळी अर्थ कुणीच लावला नाही. दोघं माझ्याकडे बघत राहिले.

"हो ताता," मी स्टुलाकडे बघून म्हणाले. "त्याबद्दलच होतं."