सोलापूरच्या प्रदर्शनातली माझी दहा मिनिटं

मित्रांनो, मी एक रेसिंग सिम्युलेटर आहे. म्हणजे जागा न सोडणारी शर्यतीची गाडीच म्हणा ना. मला चाकं नाहीत, पेट्रोल लागत नाही. समोरच्या पडद्यावर रस्ता पळतो. वळण आलं की माझे चार पाय वरखाली होतात आणि सीट कलते. खड्डा आला की दणकाही बसतो.

माझा जन्म मोहोळला एका पत्र्याच्या खोलीत झाला. धम्मप्रियाने मला घडवलं. ती सोलापूरच्या एका टॉवेल कारखान्यात यंत्रमागांची दुरुस्ती करते. माझा सांगाडा मोडीत निघालेल्या मागाचा, सीट भंगारातल्या जीपची. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत तिने मला दोन वर्षांत पुरं केलं. तोवर माझ्यावर ओले कपडे वाळायचे. पाहुणे विचारायचे, "ह्या लोखंडाचं काय करनार हाय?" मला फार वाईट वाटायचं.

तिचे वडील प्रदीप मात्र काहीच विचारायचे नाहीत. श्रीपूरच्या साखर कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रकवर ते वीस वर्षं ड्रायव्हर होते. सहा वर्षांपूर्वी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. तेव्हापासून त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

"बाबा, याला क्लच नाही. उजव्या पायावर सगळं चालतं. एकदा बसा की," धम्मप्रिया म्हणायची.

"डायवर व्हतो, आता न्हाय. तू चालव," एवढंच ते म्हणायचे.

यंदा सोलापुरात गेमिंगचं प्रदर्शन भरलं आणि मी टेम्पोतून तिथे पोहोचलो. धम्मप्रियाबरोबर प्रदीपही आले होते. समोरच एका मोठ्या कंपनीचा चकचकीत सिम्युलेटर उभा होता. त्याच्यापुढे मी अगदीच गावंढळ दिसत होतो.

लोकांना बसू देण्याआधी प्रत्येक यंत्राची चाचणी होती. ती घ्यायला प्रदर्शनाचे तपासनीस शिवयोगी सर आले. धम्मप्रिया बसली, आणि दुसऱ्याच वळणावर माझी सीट हिसका देऊन अडकली.

"ताई, यावर लहान मुलं बसणार. असं चालायचं नाही," सर म्हणाले. "एक वाजता परत येतो. तोवर नीट झालं नाही, तर हे इथून हलवावं लागेल."

धम्मप्रियाने संगणकातला सगळा प्रोग्राम तपासला. चूक सापडेना. साडेबारा वाजले. तिने प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून तपासायला घेतला. मीही मनातून खचलो. मला बोलता येत असतं तर कुठे दुखतंय ते सांगितलं असतं.

तेवढ्यात प्रदीप कुबडी टेकत पुढे आले. त्यांनी माझ्या सांगाड्यावर तळहात ठेवला आणि डोळे मिटले.

"हळू हलीव बरं," ते म्हणाले. मी हललो. "मागचा डावा पाय उशिरा उटतुय. प्रोग्राम न्हाय, बोल्ट ढिला झालाय. टेम्पोत आपाटलाय त्यो."

धम्मप्रिया माझ्याखाली शिरली. बोल्ट खरंच ढिला होता! तिने चारही पायांचे बोल्ट आवळले.

ठरल्या वेळी सर आले. "दहा मिनिटं सलग चालवून दाखवा. तुम्ही संगणकावर थांबा, मला याच्या पायांतल्या मोटारींचे आकडे बघायचेत. सीटवर कोण बसणार?"

धम्मप्रियाने आजूबाजूला पाहिलं. मग प्रदीपांनी कुबडी लेकीच्या हातात दिली. "धर," ते म्हणाले.

पहिल्या वळणावर ते कठड्याला घासले. गर्दीतून कोणी तरी हसलं. दुसऱ्या फेरीला त्यांची पकड सैल झाली, श्वास संथ झाला. "आता कळली गाडी," ते पुटपुटले. आणि मित्रांनो, गाडी चालवणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं! वीस टन ऊस सांभाळून घाट उतरलेले ते हात होते. वळण दिसायच्या आधी त्यांना ते उमगायचं. हसणारे बघायला पुढे सरकले.

"झाली की दहा मिनिटं!" सर म्हणाले.

"थांबा वो, ह्यो फेरा पुरा करू द्या."

फेरा संपला तेव्हा टाळ्या थांबेनात. सरांनी पेन काढलं. "तुमच्या फेरीची वेळ फळ्यावर लिहायचीय. नाव सांगा."

"प्रदीप," ते म्हणाले, आणि क्षणभर थांबून पुढे म्हणाले, "डायवर."

प्रदर्शन तीन दिवस चाललं. समोरची रांग माझ्याकडे वळली. बसव्वा नावाच्या भाजीवाल्या बाई पदर खोचून बसल्या, तीनदा भिंतीला धडकल्या आणि हसत उतरल्या. कॉलेजची मुलं ईर्ष्येने पुन्हा पुन्हा बसली. पण फळ्यावरचं पहिलं नाव कोणालाही पुसता आलं नाही. प्रेक्षकांच्या पसंतीची ढाल मलाच मिळाली!

आता मी सोलापुरातल्या एका सभागृहात, येणाऱ्या-जाणाऱ्यांना खेळायला ठेवलेला असतो. मागच्या रविवारी बाहेर हॉर्न वाजला. प्रदीपांनी रीतसर परवाना काढून, क्लच नसलेली गाडी मोहोळहून स्वतः चालवत आणली होती. शेजारच्या सीटवर धम्मप्रिया गाढ झोपली होती.

मित्रांनो, माझ्यावर उड्या मारू नका, उतरताना सीटचा पट्टा जागेवर ठेवा. आणि रांगेच्या शेवटी कोणी संकोचून उभं असेल, तर त्याला हात धरून पुढे आणा. माझी सीट त्याच्यासाठीही आहे.