कोपऱ्यावरचे बुटके स्टूल

मित्रांनो, मी एक जुने, बुटके स्टूल आहे. सुताराने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला घडवले, म्हणून माझा एक पाय आखूड राहिला. झोपेत मला अजून माझे झाड आठवते. फांदीवर पाखरू बसले की भारावरूनच कळायचे, हे कालचे नव्हे.

माझ्यावर एक छत्रीवाला बसे. छत्र्या दुरुस्त करता करता तो सारखा मान वर करून रस्त्याची दोन्ही टोके पाही. कोपऱ्यावर धंदा करायचा परवाना कुणाकडेच नव्हता. नगरपालिकेची गाडी दिसली की तो शीळ घाली आणि सगळे फेरीवाले पसारा उचलून पळत. मी त्याच्या काखेत उलटे असे. वाटे, आपण ढगांवरून चालतो आहोत.

एके दुपारी त्याच कोपऱ्यावर पोलिसांनी नशेच्या पुड्या विकणाऱ्याला पकडले, आणि छत्रीवाल्यालाही. त्याच्याजवळ पुडी सापडली नाही. मलाही जप्त करून पायाला चिठ्ठी बांधली.

न्यायालयात पोलीस अधिकारी न्यायाधीशबाईंसमोर साक्षीला उभे राहिले. "बाईसाहेब, या धंद्यात एक जण विकतो, दुसरा कोपऱ्यावर बसून रस्ता बघतो. पोलीस दिसले की शीळ घालतो. आम्ही नेहमी बघतो हे."

त्यात खोटे काही नव्हते. तरी छत्रीवाल्याचा चेहरा उतरला. मागे बसलेल्या त्याच्या बायकोला समोर तुरुंग दिसू लागला.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "असे लोक काय करतात ते कळलं. यानं काय केलं?"

"रस्ता बघत होता. शीळ घातली."

"तुम्हाला बघून?"

अधिकाऱ्यांनी हातातले कागद चाळले. "नाही. आम्ही साध्या कपड्यांत होतो. तेव्हा... नगरपालिकेची गाडी येत होती."

"अहो, ती शीळ आमच्यासाठी!" मागून आमच्या कोपऱ्यावरची फळवाली ओरडली. "माझ्याच टोपलीला अडखळून पडलात की तुम्ही!"

न्यायाधीशबाईंनी तिला गप्प बसवले, पण हसू त्यांनाही आवरेना.

छत्रीवाला सुटला. आम्ही कोपऱ्यावर परतलो. पण आता तो मान वर करीना. परवा गाडी आली, शीळ झाली नाही, फळवालीची टोपली गेली.

"तोंड शिवलंय का रे तुझं?" ती म्हणाली. तो खाली मान घालून छत्री शिवत राहिला.

मित्रांनो, माझ्यावर पुष्कळ जण बसून गेले. कुणा दोघांचा भार सारखा नव्हता. 'असली माणसे अशीच' असे म्हणण्याआधी समोरच्या एकालाच नीट पाहा.

काल त्याने हळूच मान वर केली. त्याला दूरचे दिसावे म्हणून मी आखूड पायावर थोडे कलले.