एका ओळीने सरकलेली लाल रेघ

मित्रांनो, मी एक जुनी टेस्ट आहे. घाबरू नका, मी कोणाला गुण देत नाही. शिक्रापूरला हमरस्त्यालगत टायरच्या दुकानावर एक छोटे ऑफिस आहे. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये मी राहते.

कारखान्यातल्या मशीनसाठी जे प्रोग्रॅम लिहितात, त्यांच्यासाठी इथली माणसे एक मदतनीस बनवतात. त्याला लँग्वेज सर्व्हर म्हणतात. लिहिणारा चुकला, की तो तिथल्या तिथे लाल रेघ ओढतो. तो स्वतः चुकत नाही ना, हे बघणे माझे काम.

मला सत्यजीतदादाने घडवले. कारेगावचे सर्जेरावमामा मशीन चालवतात. एकदा त्यांनी मशीनला न लावलेलेच कापायचे टूल प्रोग्रॅममध्ये लिहिले. मदतनीस गप्प राहिला आणि मशीनवर घडत असलेला चांगला भाग, म्हणजे जॉब, वाया गेला. दादाने मामांचा तोच प्रोग्रॅम माझ्या पोटात ठेवला आणि तळाशी खूण लिहिली: सातव्या ओळीवर लाल रेघ हवी. ती उमटली, की मी हिरवी होई, म्हणजे पास; नाहीतर लाल. दादा म्हणे, "ही हाय तवर मला घोर न्हाई." ते ऐकून मी फुलून जाई.

मग खंडेनवमी आली. कॉम्प्युटरची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या. दादाला भरून आले आणि त्याने आम्हा सगळ्या टेस्टच्या डोक्यावर एक ओळ लिहिली: श्री. झाले! आमची प्रत्येक ओळ एक घर खाली सरकली. सातवी झाली आठवी, खूण मात्र सातवीलाच चिकटून. तोंडात पेढा असतानाच दादाचा स्क्रीन वरपासून खालपर्यंत लाल झाला.

दादा वैतागला. "लई जुन्या झाल्यात ह्या. समद्या डिलीट करू आन् नव्या लिहू."

मी गेल्यावर मामांची ती चूक कोण लक्षात ठेवणार होते?

पाटसची मोनाली तेव्हा नुकतीच कामाला लागली होती. ती म्हणाली, "दादा, टेस्ट चुकली न्हाई. तुम्ही खूण लांब ठिवली. ती चुकीच्या शब्दाखालीच ठिवू, म्हंजी शब्द हलला की खूण बी हलंल."

"मग श्री पुसू का?"

"कशाला? ऱ्हाऊ द्या की."

आमच्या खुणा वाचणारी जुनी व्यवस्था तिने मोडली आणि नवी बांधली. आता माझ्या चुकीच्या शब्दाखाली एक छोटा बाण असतो. मला पारखायला तिने मदतनिसाची लाल रेघ मुद्दाम बंद केली. मी लगेच लाल झाले. दादा हसला, "इसरत न्हाई गं ही!" त्या दिवशी मला खरेच धन्य वाटले.

यंदाच्या खंडेनवमीला दादाने श्रीखाली आणखी एक ओळ लिहिली: सर्जेरावमामांच्या जॉबची आठवण. मी पुन्हा खाली सरकले. बाणही माझ्याबरोबर आला आणि मी हिरवीच राहिले.

मित्रांनो, जुने काही एकाएकी चुकू लागले, तर ते टाकण्याआधी त्याच्या डोक्यावर आपणच काही ठेवले आहे का, तेवढे बघा.