बारावा तारा

नागनाथ खिल्लारे मानवतच्या शाळेत गणित शिकवायचा, आणि शाळा सुटली की घरी येऊन ताऱ्याचं वजन काढत बसायचा. पुण्यात त्यानं पीएच.डी.ला नाव घातलं होतं. न्यूट्रॉन तारा आतून कसा असेल, आणि किती जड झाला की स्वतःच्याच भारानं खचेल, हा विषय. दुसऱ्याच वर्षी वडील अंथरुणाला खिळले आणि तो घरी परतला. कॉम्प्युटर मोठ्या शहरातच राहिला. मानवतला सात अंकी लॉगचं पुस्तक होतं, आणि विमला होती.

विमला त्याची बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिचा आकडा कधी चुकत नसे. नागनाथनं तिला रीत एकदाच समजावली. मध्यापासून निघायचं, दोनदोनशे मीटरनं बाहेर यायचं. दर पायरीला आत किती वजन साठलं ते मिळवायचं, दाब किती उतरला ते वजा करायचं. दाब शून्याला टेकला की ताऱ्याचा पृष्ठभाग आला. मग मध्यातला माल आणखी दाट धरून दुसरा तारा. असं करत गेलं की तारे जड होत जातात, पण एका जागी वजन वाढायचं थांबतं आणि पुढं कमीच होऊ लागतं. त्या जागेपलीकडचा तारा टिकत नाही.

तीन वर्षांत अकरा तारे झाले. अकरावा दहाव्याहून किंचित हलका निघाला, तेव्हा विमलानं हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि ती हसली. आता या दोहोंमधला बारावा मांडला की जागा नक्की होणार होती. तोवर नागनाथनं अकराही तारे मुंबईच्या एका शास्त्रज्ञांना पाठवले.

अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीत उत्तर आलं, शाळेच्या पत्त्यावर. त्यानं ते शिक्षकांच्या खोलीत उभ्यानंच वाचलं. असे तारे बाहेरदेशी कॉम्प्युटरवर शेकड्यांनी काढून झाले होते, ताऱ्यातला माल दाबाखाली कसा वागतो याची निरनिराळी रूपं धरून. नागनाथनं धरलेलं रूप आता कुणी मानत नव्हतं. यात छापण्यासारखं काही उरलेलं नाही, असं त्यांनी सभ्य शब्दांत लिहिलं होतं.

तो घरी आला तेव्हा विमला बाराव्या ताऱ्याच्या वहीवर वाकलेली होती.

"अहो, चौतिसावी पायरी. दाब लय झपकन उतरायलाय."

सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, आणि पुस्तक ओढून तो लॉग वाचू लागला.

असे एकोणीस दिवस गेले. त्याची आई सरजाबाई एकदा म्हणाली, "आरं, तिच्या डोळ्याला पाणी यायलंय. ऱ्हाऊ दे की आता."

"थोडंच ऱ्हायलंय, आई," विमलाच म्हणाली.

विसाव्या दिवशी, रविवारी दुपारी, दाब शून्याला टेकला. बारावा तारा दहाव्याहून जड होता, अकराव्याहूनही; जागा हाती आली होती. विमलानं आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. नागनाथनं पत्र काढून तिच्यापुढं ठेवलं.

पत्र इंग्रजीत होतं. तिनं सावकाश वाचलं, मग वरची तारीख पाहिली.

"हे कवा आलं?"

"एकोणीस दिवस झाले."

"मंजे तुमाला ठाऊक होतं, आन् मी आकडे मांडायले होते."

"जागा कळावी वाटत होतं."

"कुणाला?"

तिनं शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं, आकडेमोड तीन दशांशांपर्यंत अचूक आहे.

"मंजे मी कुठंच चुकले न्हाई."

"न्हाई."

"मंग येवढं तरी त्याच दिवशी सांगायचं होतं."

ती उठून आत गेली आणि पीठ मळायला बसली. भांडली नाही, रडली नाही. पण वहीपाशी ती पुन्हा कधी आली नाही, आणि तो बोलवायला धजला नाही.

मार्चमध्ये नागनाथनं एकट्यानंच, नवं रूप धरून, तारा मांडायला घेतला. सातव्या पायरीला वजाबाकी चुकल्याचं त्याला दहाव्या पायरीला कळलं. मागं जाऊन त्यानं ती दुरुस्त केली नाही. संध्याकाळपर्यंत तो तसाच पुढं आकडे लिहीत राहिला.