न्हाणीवरची ओल

जवाहरच्या पहिल्या लेकीचं बारसं दिवाळीनंतर झालं, ते १९७४ साल. त्याच हिवाळ्यात कुंडलच्या त्यांच्या नव्या घरात न्हाणीच्या छताला ओल धरली. बाळाला रोज त्या ओलीखालीच न्हाऊ घालायचं, म्हणून जवाहरच्या बायकोचे, त्रिशलाचे डोळे सारखे वर लागलेले.

गवंडी जोतीराम म्हणाला, "गच्चीवरची टाकी झिरपतीया." टाकी रिकामी केली. घरात विहिरीचं पाणी शेंदून आणू लागले, तसं छत वाळलं. जोतीरामनं टाकीला आतून गिलावा केला. टाकी भरली आणि ओल परत आली, आधीपेक्षा मोठी. एका सकाळी छताचा पोपडा बाळाच्या अंगाशेजारी धप्पकन पडला.

"तुझ्या गिलाव्यापरास आमच्या अव्वाचं सारवान बरं!" जवाहर जोतीरामवर उखडला. "उद्या टाकीच फोडू."

दुसऱ्या दिवशी त्रिशला वाळवण उचलायला गच्चीवर गेली आणि जागीच थबकली. टाकीपाशी सासूबाई, जवाहरची अव्वा, वाकल्या होत्या. गुणमालाबाईंना घेरी यायची, जवाहरनं त्यांना जिना बंद केला होता.

"आत्ती, हितं काय करताय?"

"हळू बोल. जिवाणी सोडतीया."

पाणी गाळलं की फडक्यात राहिलेले जीव ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत सोडायचे, हा त्यांचा जैन नेम. तोवर त्या घोट घेत नसत. टाकीचं लोखंडी झाकण उचलेना, म्हणून शेजारच्या नळीच्या तोंडात त्या तांब्या ओतत होत्या. टाकी रिकामी होती तेव्हा जिवाणी विहिरीत जायची. छत का वाळलं, ते त्रिशलाला आत्ता उमगलं. ती नळी टाकीत जात नसली, तर हे आत्तींना सांगायचं कसं?

"उद्यापास्नं मी विहिरीत सोडते. तुमी चला खाली."

खाली येऊन तिनं टाकी फोडायला आलेल्या जोतीरामला बाजूला घेतलं. "ती नळी बुजवा. पाऊस शिरतोय."

"ऐन थंडीत पाऊस, वैनी?" जोतीराम हसत वर गेला. नळीत गज घालून त्यानं वरूनच हाळी दिली, "जवाहर, टाकी फोडू नगंस! ही नळी पुढं लागंल म्हणून म्याच ठेवलेली, खाली बंद हाय. कोण तर रोज पानी वततंय हितं. समदं स्लॅबात मुरतंय!"

गुणमालाबाई जिन्याच्या पायरीशीच उभ्या होत्या. "टाकीत जात न्हाई?"

"न्हाई, अव्वा."

"अव्वा, तू जिना चढलीस?" जवाहरनं पहार खाली टाकली.

त्यांनी त्याच्याकडं बघितलंही नाही. "म्हंजे ते समदे जीव सिमेटात वाळलं," म्हणाल्या आणि तिथंच खाली बसल्या.

नळी बुजवली, छत वाळलं. गुणमालाबाईंनी मात्र प्रायश्चित्त घेतलं. दिवसातून एकदाच जेवण, तेव्हाच काय ते पाणी.

"आवं आत्ती, तुमास्नी ठावं नव्हतं," त्रिशला रडकुंडीला येऊन म्हणायची.

"ठावं करून घ्यायला पायजे हुतं."

उन्हाळा तापला तरी त्यांनी नेम सैल केला नाही. गुणमालाबाई १९७५ च्या वैशाखात, अक्षय्य तृतीयेच्या, जैनांच्या पारण्याच्या सणाच्या, आदल्या दिवशी वारल्या.